लखनौच्या प्रवासात भेटलेला दुष्काळ

मे महिन्यात आमच्या खालाजाद भावाच्या मुलीचा निकाह लखनौला होता. भाईजान तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. भुसावळला पुष्पक एक्स्प्रेसमध्ये बसलो तेव्हा आम्ही पाच जण होतो. आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. सोबत आंब्यांची पेटी, आहेराची पिशवी आणि लखनौत काय काय पाहायचे याची यादी. बडा इमामबाडा, भुलभुलैया, चौकातले कबाब, चिकनचे कापड. यादीच्या शेवटी सनाने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती : बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थान, युनिव्हर्सिटी रोड.

सना नुकतीच बारावी झाली. तिला वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचे होते. घरात मात्र फार्मसी जवळजवळ ठरल्यासारखीच होती. "झाडपाल्याचं शिकून पोट भरतं का?" हा अम्मीचा सवाल. खरे सांगायचे तर तीच शंका आमच्याही मनात होती. शिक्षक असल्यामुळे ती आम्ही मोठ्याने बोलत नव्हतो, इतकेच.

पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर बडा इमामबाडा पाहिला. मधल्या भव्य दालनाला आधाराचा एकही खांब नाही, हे पाहून मुले थक्क झाली. पण अम्मी थांबली ती वेगळ्याच गोष्टीपाशी. गाइडने सांगितले की नवाब आसफुद्दौलांनी हे बांधकाम १७८४ मध्ये सुरू केले, ते दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून. उत्तर भारतातल्या त्या दुष्काळाला 'चालीसा' म्हणतात, कारण तेव्हा विक्रम संवत १८४० चालू होते.

अम्मी म्हणाली, "म्हणजे आमच्या बहात्तरच्या खडीसारखंच!"

१९७२ च्या दुष्काळात अम्मी सोळा वर्षांची होती. रस्त्याच्या कामावर तिने खडी फोडली आहे. त्या कामावर मिळालेल्या सुकडीची चव तिला अजून आठवते. इमामबाड्याच्या भिंतीवर तिने हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी निकाहाच्या गडबडीतून दोन तास काढून आम्ही सनाच्या ठिकाणी गेलो. परवानगी तिने आधीच फोनवर विचारून ठेवली होती. आवारात शिरताच शहराचा गोंगाट मागे पडला.

या संस्थेची कहाणी चटका लावणारी आहे. बीरबल साहनी मूळचे भेऱ्याचे. ते गाव आज पाकिस्तानात आहे. केंब्रिजला शिकून ते परत आले आणि लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. राजमहालच्या टेकड्यांपासून मध्य भारतातल्या काळ्या दगडांपर्यंत दगड झालेली झाडे शोधत ते हिंडले. या विद्येची स्वतंत्र संस्था असावी हे त्यांचे स्वप्न होते. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली. त्यासाठी साहनींनी खास शिळा तयार करवली होती, निरनिराळ्या ठिकाणचे जीवाश्म बसवलेली. त्यानंतर अवघ्या आठवडाभरात, १० एप्रिलला, त्यांचे निधन झाले. पुढे संस्था उभी केली ती त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी. ही गोष्ट ऐकताना सना आमच्याकडे पाहत होती. आम्ही काही बोललो नाही.

संग्रहालयात एक तरुण संशोधक मुलगी आमच्याबरोबर फिरली. आधी तिने ग्लॉसोप्टेरिसचे पान दाखवले. जिभेसारखा आकार आणि मधोमध ठसठशीत शीर, दगडावर कुणी पेन्सिलीने काढल्यासारखी. पंचवीस कोटी वर्षांहूनही जुन्या या झाडांची पाने भारतात सापडतात, तशीच आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि बर्फाखालच्या अंटार्क्टिकातही. हे भूभाग तेव्हा एकमेकांना जोडलेले होते, याचा हा एक मोठा पुरावा. आमच्या चंद्रपूर-वणीच्या खाणीतला कोळसा त्याच काळातल्या जंगलांचा. आपण दिवा लावतो तेव्हा तेच जंगल जळत असते.

मग आली परागकणांची भिंत. फुलातली ही पिवळी पूड आपण कपड्यावरून झटकून टाकतो. एकेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, फार तर दहाव्या. पण त्याचे बाहेरचे कवच इतके चिवट असते की तळ्याच्या तळाशी चिखलात, हवा लागली नाही तर, ते लाखो वर्षे टिकते. शिवाय दर जातीची घडण निराळी. गवताचा कण गोल, त्याला एकच भोक. चीडाच्या कणाला दोन बाजूंना दोन फुगे. जास्वंदाचा कण काटेरी. शास्त्रज्ञ तळ्याच्या तळात नळी घुसवून चिखलाचा उभा खांब बाहेर काढतात. त्याचे थराथराने तुकडे करतात, तीव्र आम्लांनी माती आणि वाळू विरघळवतात आणि उरलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजतात. ओलाव्याच्या झाडांचे कण जास्त निघाले तर तो पावसाचा काळ. गवत आणि काटेरी झुडपांचे वाढले तर तो कोरडा. धान्याचे दिसू लागले तर जवळ शेती आली असावी.

"आपल्या लोणारला असं काही केलंय का?" सनाने विचारले. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीबरोबर आम्ही लोणारला गेलो होतो. खाऱ्या पाण्याच्या वासाने नाक धरून अर्ध्या तासात वर आलो होतो.

केले होते. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी लोणारच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा खांब काढला. त्यात सुमारे अकरा हजार वर्षांची नोंद मिळाली. तळे फार आटले की गेल्युसाइट नावाच्या क्षाराचे खडे तयार होतात. असे खडे दोन ठिकाणी सापडले. पहिला कोरडा काळ आजपासून ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा. दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

अम्मी आतापर्यंत खुर्चीवर बसून होती. ती एकदम म्हणाली, "बेटी, त्या गाळात आमचा बहात्तरचा दुष्काळ दिसेल का?"

मुलगी हसली नाही. विचार करून म्हणाली, "दादी, एकदोन वर्षांचा थर फार पातळ असतो. तो वेगळा ओळखणं कठीण. पण पाऊस शेकडो वर्षे मंदावलेला असला, तर तो दिसतो."

"शेकडो वर्षे," अम्मी स्वतःशीच म्हणाली. "आम्ही तर एका वर्षातच मोडलो होतो."

निघता निघता आमच्या धाकट्याला खूश करणारी गोष्ट कळली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तिथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. या संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली, तेव्हा तिच्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. डायनोसॉर संपल्यानंतर गवत आले, असे तोवर मानले जाई. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि तो समज बदलला. पुढे त्यातच भाताच्या कुळाशी नाते सांगणारे कणही ओळखले गेले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे गवत! धाकट्याने रात्री दावतीत सगळ्या भावंडांना जेवताना हेच सांगितले आणि मार खाता खाता वाचला.

त्याच दावतीत एका बुजुर्गांनी आम्हाला गंभीरपणे विचारले, "मास्टरसाहब, हे कोट्यवधी वर्षांचं मुलांच्या डोक्यात भरवणं बरं आहे का?"

प्रश्न प्रामाणिक होता. आमच्या शाळेतही पालक तो विचारतात. आम्ही म्हणालो, कुरआन आपल्याला जमिनीवर हिंडून निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहायला सांगतो. घरात बसून अंदाज करायला सांगत नाही. आणि आपण बसलो आहोत त्याच गंगेच्या मैदानाबद्दल हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनीने लिहिले आहे. डोंगराजवळचे गोटे मोठे, पुढे लहान, समुद्राजवळ नुसती वाळू, हे पाहून त्याने ताडले की इथे पूर्वी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळाने तो भरला असावा. त्याचे ईमान त्यामुळे डगमगले नाही. बुजुर्ग थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गोटे पाहून? सुभानअल्लाह." ते पटले की नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही ताणले नाही.

परतीच्या प्रवासात खांडवा मागे पडले. खिडकीबाहेर काळी, भेगाळलेली जमीन धावत होती आणि एका गावाच्या वेशीवर टँकरभोवती घागरींची रांग लागली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत अम्मी पाहत राहिली. मग सनाकडे वळून तिने विचारले, "ते गाळ मोजणारे लोक, पुढे पाऊस कसा वागेल तेही सांगतात का?"

"नक्की नाही सांगता येत, दादी. पण पूर्वी तो किती वाईट वागलाय हे कळलं, तर तयारी किती करायची हे कळतं."

अम्मीने मान हलवली. भुसावळ येईपर्यंत ती त्या विषयावर काही बोलली नाही. घरी पोचल्यावर सामान उतरवताना मात्र तिने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "त्या बी.एस्सी.ची फी किती आहे?"