विसावी टिक

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस दरवर्षी एकाच साच्यातून निघते. रविवार, सकाळी १० वाजता, तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये. खाली बारीक अक्षरात : कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने. साहजिकच दहाच्या सभेला लोक साडेदहाला उतरतात. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला जो आकडा कमी तो कोरम. आमचे सभासद ५४, म्हणजे आम्हाला २० पुरेत. हे २० कधी भरतात, भरतात की नाही, याची चौकशी आजवर कोणी केली नव्हती. त्या सप्टेंबरात मात्र विषयपत्रिकेवर इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च होता आणि एका सभासदाने आधीच बजावून ठेवलं होतं : कोरम किती वाजता झाला ते लेखी दाखवा, नाहीतर मी उपनिबंधकांकडे जाणार.

सेक्रेटरी काका माझ्याकडे आले. "एक्सेल नको गं. कोणाचं तरी बोट भलतीकडे लागतं आणि सगळं हलतं. नुसती नावं दे, पुढे चौकोन. सही झाली की मी टिक करीन. वर मोठ्या अक्षरात आकडा दिसू दे. एवढंच."

अशा कामाला मला अजूनही विंडोज फॉर्म्स हे प्रोग्रामचे पडदे मांडायचं साधन आवडतं. २००२ पासूनचं आहे, त्यावर लिहिलेलं तसं दिसतंही, पण पडदा पटकन मांडून होतो आणि काकांच्या जुन्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालतो. त्यात 'चेक्डलिस्टबॉक्स' म्हणून एक तयार यादी मिळते : प्रत्येक ओळीला चौकोन, आणि टिक केलेल्या ओळी किती हे यादी स्वतःच सांगते. यादी ठेवली, ५६ फ्लॅट भरले, आकडा वर जोडला.

काकांनी पहिल्या नावावर क्लिक केलं. निळी पट्टी आली, टिक नाही. पुन्हा केलं तेव्हा आली. "हे दोनदा का विचारतंय?" ओळ निवडणं आणि टिक करणं ही दोन कामं आहेत असं ही यादी मुळात धरून चालते, एका क्लिकवर टिक व्हावी अशी सोय आहे, पण ती आपल्याला चालू करावी लागते. केली.

खरी गंमत त्यानंतर. पहिल्या नावाला टिक केली, वर ०. दुसऱ्याला केली, वर १. मग त्यातली एक टिक काढली, तर आकडा वाढून २ झाला! काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर कॉम्प्युटरवाल्या माणसांच्या ओळखीची असते.

मी मोजणी जिला जोडली होती ती या यादीची 'आयटमचेक' ही सूचना टिक होण्याच्या आधी येते. गेटवरचा वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, "पाहुणे आलेत, वर पाठवू?" त्याच क्षणी घरातली माणसं मोजली तर पाहुणे त्यात कसे येणार? सूचना आधी देण्यामागे कारण आहे : तुम्हाला नकार देता यावा. ती टिक होऊ द्यायची नसेल तर तिथल्या तिथे अडवता येते. चांगली सोय आहे. पण मोजणाऱ्याच्या कामाची दुसरी सूचना, 'टिक होऊन गेली' असं सांगणारी, या यादीत ठेवलेलीच नाही. ती 'लिस्टव्ह्यू' नावाच्या दुसऱ्या यादीत आहे. हे मला आजही आडमुठेपणाचं वाटतं.

यावर लोक दोन उपाय करतात. एक, सूचनेबरोबर ओळीची होऊ घातलेली नवी स्थिती येते, तिच्याकडे पाहून जुन्या आकड्यात १ मिळवायचा किंवा वजा करायचा. दोन, 'बिगिनइन्व्होक' वापरून मोजणी रांगेत मागे ढकलायची, म्हणजे हातातलं काम उरकल्यावर, टिक बसल्यावर ती होते. पहिला उपाय मला सुटसुटीत वाटला होता. तो करड्या चौकोनापाशी अडला.

त्याचं असं झालं. आमच्या उपविधींप्रमाणे सभासदाऐवजी मुखत्यारपत्र घेऊन दुसऱ्या कोणाला सभेला बसता येत नाही. तरी दरवर्षी कोणाचा मुलगा, कोणाची बहीण पत्र घेऊन येतेच, आणि काकांना त्यांचीही नोंद हवी होती. चौकोनाला रिकामा आणि टिक केलेला यांखेरीज तिसरी, करडी स्थितीही असते. साध्या क्लिकने ती येत नाही, प्रोग्रामनेच आणावी लागते. मी ती माउसच्या उजव्या बटणाला जोडली. आता टिकवरून करडं झालं तर काय मिळवायचं, काय वजा करायचं? वर आणखी एक भानगड : यादी स्वतः जो आकडा सांगते त्यात करडे चौकोनही टिक केलेले म्हणून धरलेले असतात. पत्रवाले तिघे आले की कोरम तिघांनी पुढे. जी गोष्ट उपनिबंधकांसमोर सिद्ध करायची, नेमकी तीच खोटी.

त्यात काकांनी वर शोधायची चौकट मागितली. फ्लॅटचा नंबर टाइप केला की तेवढीच ओळ दिसावी. म्हणजे यादी रिकामी करून पुन्हा भरायची; आणि यादी रिकामी झाली की तिच्यातल्या टिकाही गेल्या. परत भरताना टिका आपण लावाव्या, तर त्या प्रत्येक टिकेला तीच सूचना पुन्हा वाजते, जणू माणसं नव्याने सही करताहेत.

तेव्हा मी हजेरी यादीतून बाहेर काढली. कोणत्या फ्लॅटची स्थिती काय, हे प्रोग्रामच्या पोटात वेगळं ठेवलं. पडद्यावरचे चौकोन त्याचं चित्र तेवढं दाखवतात. यादी भरली जात असताना सूचनांकडे दुर्लक्ष. आणि मिळवणी-वजाबाकी बंद : प्रत्येक क्लिकला सगळं पहिल्यापासून मोजायचं. ५६ ओळी मोजायला यंत्राला काही लागत नाही. दोन सभासदांचे दोन-दोन फ्लॅट आहेत आणि काका सवयीने दोन्हींवर टिक करणार, म्हणून मोजायचे ते फ्लॅट नव्हेत, वेगवेगळे सभासद क्रमांक. फ्लॅट कितीही असोत, सभासदाला मत एकच.

विसावी टिक पडल्याची वेळ आपोआप नोंदवावी असं काकांचं म्हणणं होतं. मी तसं केलं नाही. विसाव्या नावावर चुकून क्लिक झालं आणि लगेच काढलं तर कोरमची वेळ चुकीची कायम राहील. त्यापेक्षा प्रत्येक टिक, प्रत्येक काढलेली टिक, वेळेसकट फाइलमध्ये. वाचणाऱ्याने वाचावं.

सभेच्या दिवशी खजिनदारांनी खुर्च्यांवरची डोकी बोटाने मोजली. "बावीस आहेत की! करा सुरू." पडद्यावर १९. थोडी हुज्जत झाली. काकांनी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला आणि तीन करडे चौकोन दाखवले. त्यातली एक, तिसऱ्या मजल्यावरच्यांची मुलगी, हातात बाबांचं पत्र घेऊन बसली होती. तिने विचारलं, "काका, मग मी जाऊ का?" "चहा घेऊन जा," काका म्हणाले. एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे एकजण भाजीची पिशवी घेऊन गेटमधून आत आले, त्यांना तिथेच धरून सही घेतली. १० वाजून २२ मिनिटं.

दुसऱ्या दिवशी काकांनी ती फाइल छापून नोटीस बोर्डावर लावली. बजावणारे सभासद तिसाव्या ओळीत होते, १० वाजून ४१ मिनिटांनी.