तिकांडे घाई करते

आमच्या घरी घड्याळ फार उशिरा आले. दर्यापूरकडच्या आमच्या गावी आजीचे घड्याळ आभाळात होते. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना तांबडे फुटायच्या आधीच ज्वारी दळावी लागे, पाणी भरावे लागे, भाकरी थापाव्या लागत. उठायची वेळ सांगायचे तिकांडे. एका रेषेतल्या त्या तीन ठळक चांदण्या. पुस्तकात त्यांना मृग नक्षत्राचा बाण म्हणतात.

आमची माय नवी नवरी होऊन आली तेव्हा कापसाचा पहिला वेचा चालू होता. आजीने तिला सांगून ठेवले, तिकांडे डोक्यावरून जरासे कलले की उठायचे. दीडेक महिन्यानंतर, मार्गशीर्षाच्या थंडीत, मायची झोप मोडली. अंगणात येऊन पाहते तर तिकांडे कललेले. ती घाबरून जात्यावर बसली. घरघर ऐकून आजी उठली.

"काऊन वं, इतक्या रातची दयाले बसली?"

"तुम्हीच सांगतलं न, तिकांडं कललं का उठ."

"थे पयल्या वेच्याचं होतं. आता तिकांडं घाई करते. रोज उलसं, उलसं."

तेव्हा रात्रीचा दीड वाजला असावा. ही गोष्ट माय अजून हसत हसत सांगते. आजीला अक्षर येत नव्हते, पण ती बोलली ते तंतोतंत खरे होते. प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो. महिन्याला दोन तास होतात, दीड महिन्याला तीन. साडेचारचे तिकांडे दीड वाजता कलणारच.

ही गोष्ट आठवायला एक कारण घडले. गेल्या उन्हाळ्यात, मेच्या अखेरीस, आमच्या पुतणीला पाहायला अकोल्याची मंडळी आली. माणसे चांगली. जयभीम झाला, त्रिशरण-पंचशील झाले, चहापोहे झाले. मुलाच्या खोलीत बाबासाहेबांची पुस्तके आहेत हेही कानावर घातले गेले. निघताना मुलाच्या मामांनी आम्हाला बाजूला घेतले आणि हळूच म्हणाले, "मुलीची जन्मवेळ तेवढी द्या. आम्ही मानत नाही, पण घरातल्या बायांच्या मनात मूळ नक्षत्राची शंका आहे."

आम्ही मानत नाही, पण! हा 'पण' आमच्या किती घरांत अजून दाराआड उभा आहे, हे ज्याचे त्याने पाहावे. आणि तो बायांच्या नावावर खपवायची सोयही पुरुषांनी करून ठेवली आहे.

मुळात आभाळ बदलते म्हणजे काय होते? घराच्या मधोमध कंदील ठेवा आणि त्याच्याभोवती फेरी घाला. कंदिलाकडे पाठ केली की समोर कधी चूल येईल, कधी दार, कधी कोनाडा. भिंती जागच्या जागीच आहेत, फिरतो आपण. कंदील म्हणजे सूर्य, फिरणारी ती पृथ्वी. सूर्याकडे पाठ म्हणजे रात्र. म्हणून हिवाळ्याच्या रात्री एक भिंत समोर, उन्हाळ्याच्या रात्री दुसरी. जी भिंत कंदिलाच्या पलीकडे राहते ती उजेडामुळे दिसतच नाही.

आता गंमत पाहा. सात-आठ जूनला मृग लागतो म्हणून सारे वऱ्हाड आभाळाकडे डोळे लावते. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. तेव्हा तिकांडे भर दिवसा सूर्यासोबत डोक्यावरून जाते, रात्री दिसतच नाही. शेतकऱ्याला पेरणीचा अंदाज यावा म्हणून ही खूण होती. ती पत्रिकेत शिरली आणि माणसाच्या मानगुटीवर बसली.

मूळ म्हणजे विंचवाची नांगी. आषाढाच्या रात्री ढग नसले तर दक्षिणेला छान दिसते. मुलगी मूळ नक्षत्रावर जन्मली म्हणजे त्या वेळी चंद्र त्या दिशेला दिसत होता, एवढेच. चंद्र दर सत्तावीस दिवसांनी तिथून जातो. तो आपल्यापासून पावणेचार-चार लाख किलोमीटरवर, आणि त्या चांदण्या शेकडो प्रकाशवर्षे दूर. त्यांनी अकोल्याच्या एका सासऱ्याचे काय वाकडे करावे?

ज्या ध्रुवाला अढळ म्हणतात तोही अढळ नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो. एका डोलण्याला सुमारे सव्वीस हजार वर्षे लागतात. बुद्धांच्या काळी आजचा ध्रुव उत्तर बिंदूपासून बराच दूर होता. आणखी बारा हजार वर्षांनी अभिजित तारा त्या जागेजवळ येईल. मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते, पण सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही एकाच दिवशी होत असे.

जातककथांत नक्खत्त जातक आहे. लग्नाचा दिवस ठरला होता. वराकडच्यांनी ऐनवेळी एका तापसाला नक्षत्र विचारले. आधी विचारले नाही याचा त्याला राग आलेला, म्हणून त्याने अशुभ सांगितले. ते गेले नाहीत. गावकऱ्यांनी वाट पाहून मुलगी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड येऊन भांडून परत गेले. ब्रह्मजाल सुत्तातही ग्रह-नक्षत्रे सांगून पोट भरणे श्रमणासाठी वर्ज्य मानले आहे.

हे सारे आम्ही मामांना सांगणार होतो, पण माय आधी बोलली. "पोरगी झाली तवा आमी घड्याय नाही पाह्यलं, पोरगी पाह्यली." तेवढ्यात पुतणी बाहेर आली. ती बी.एस्सी. झालेली. म्हणाली, "मामाजी, तुमची शेती आहे ना? आठ दिवसांत मृग लागेल. त्या रात्री मला तिकांडं दाखवा, मग जन्मवेळ देते."

मामा काही बोलले नाहीत. जयभीम घालून गेले. आमची वहिनी दोन दिवस जेवली नाही. चांगले स्थळ हातचे गेले म्हणून ती आमच्यावर रागावली, आणि तिचा राग आम्हाला समजत होता.

जुलैत अकोल्याहून निरोप आला. मुलाने स्वतः पाठवलेला. जन्मवेळेचा त्यात उल्लेख नव्हता. लग्नानंतर मुलीला नोकरी करायची आहे का, एवढेच विचारले होते. पुतणी म्हणाली, "हे विचारलं ते बरं केलं. याचं उत्तर मीच देते."