चूक काढणं आणि चूक दाखवणं

चूक काढायला कुणाला शिकवावं लागत नाही. घरातच पाहा ना! आमटी जरा खारट झाली की पहिल्या घासाला चार तोंडं एकदम बोलतात. भाकरी फुगली नाही की 'हिला काही जमतच नाही' असं म्हणून मोठी माणसं मोकळी होतात. ते ऐकून पोरीनं नेमकं करायचं काय? त्याऐवजी 'कडा जाड राहतेय, बोटं कडेला ने' एवढंच कुणी म्हटलं, तर पुढची भाकरी टम्म फुगते. पहिलं बोलणं मनाला लागून राहतं, दुसरं हातात उतरतं.

हा फरक मला स्वयंपाकघरापेक्षा जास्त शिकवला तो आमच्या गावच्या तालमीनं. वाचून नवल वाटेल, पण खरं आहे.

आमचं गाव आळे, जुन्नर तालुक्यातलं. पुणे-नाशिक रस्त्यानं जाणाऱ्यांना आळेफाटा ठाऊक असतो, आणि ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी इथे आहे म्हणून वारकऱ्यांना गाव ठाऊक असतं. आमच्या भागात यात्रा म्हटली की कुस्त्यांचा आखाडा आलाच. पूर्वी तिकडे बायामाणसं फिरकत नसत. आता दिवस पालटले. 2004 साली ऑलिंपिकमध्ये महिलांच्या कुस्त्या सुरू झाल्या, 2016 साली साक्षी मलिकनं रिओला कांस्यपदक मिळवलं, आणि 2023 साली सांगलीला पहिली 'महिला महाराष्ट्र केसरी' झाली. ती गदा प्रतीक्षा बागडीनं जिंकली. अशा बातम्या गावोगाव पोहोचतात आणि एखाद्या पोरीच्या मनात घर करतात. आमच्या धाकटीच्या मनात केलं. सहावीत असताना हट्ट धरून ती तालमीत गेली, ती अजून जातेय.

पहाटे पाचला निघावं लागतं. आमच्याकडे उसात बिबट्याची भीती, म्हणून आमचे हे बॅटरी घेऊन तिच्यासोबत जातात. त्यांची पाण्याची पाळी असली की मी जाते. कट्ट्यावर बसून मी शेंगा फोडते नि बघते. बघून बघून मलाही थोडंफार कळायला लागलंय.

तालीम म्हटली की जोर-बैठका, दूध-बदाम, तेलमालिश हेच आपल्या डोळ्यांपुढे येतं. अंगात रग हवीच, त्याशिवाय कुस्ती नाही. पण डाव पक्का होतो तो लढतीत. लढत म्हणजे सरावाची कुस्ती. जोडीदारीण खरोखर अडवते, खरोखर पाडते, पण हार-जीत कुणी मोजत नाही. एकटीनं काढलेला पट नेहमीच सुंदर निघतो. समोरचीनं पाय मागे घेतला की खरी परीक्षा!

आमच्या लेकीचा आवडता डाव एकेरी पट. समोरचीचा एक पाय दोन्ही हातांनी धरायचा, डोकं वर ठेवून आतल्या बाजूनं तिच्या बरगडीला टेकवायचं आणि पाय उचलून तिला खाली आणायचं. ताबा मिळाला की दोन गुण. पण सलग दोन वर्षं जिल्ह्याच्या स्पर्धेत ती याच डावावर हरली. ही पट काढायला वाके, समोरची पाय मागे फेकून छातीचा भार हिच्या पाठीवर टाके आणि गर्रकन मागे जाऊन ताबा घेई. दोन गुण गेले. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

दुसऱ्या वर्षी परत येताना गाडीत एक नातलग म्हणाले, "हिच्यात दमच नाही. बंद करा आता हे, दहावीचं बघा." लेक खिडकीबाहेर पाहत राहिली. घरी आल्यावर तिनं कुस्तीचा पोशाख धुतला, वाळवला, घडी करून ट्रंकेत ठेवला. चार दिवस पहाटेचा गजर झाला नाही.

मैत्रिणींनो, 'दम नाही' हे वाक्य वाईट अशासाठी की त्यात करण्यासारखं काहीच नसतं. दम कुठून आणायचा? वाण्याकडे थोडाच मिळतो? ऐकणारी एक तर बोलणाऱ्यावर चिडते, नाही तर खरंच मानून गप्प बसते. आमची गप्प बसली होती. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "अगं, रेड्याच्या तोंडून वेद निघाले त्या गावची पोर ही. शिकवणारा माउलीसारखा पाहिजे, एवढंच."

पाचव्या दिवशी संध्याकाळी वस्ताद घरी आले. मला वाटलं, समजूत घालतील. त्यांनी चहा घेतला आणि लेकीला विचारलं, "दुसऱ्या फेरीत काय झालं, सांग."

"हरले."

"ते फळ्यावर लिवलंय. झालं काय, ते सांग."

तिला सांगता येईना. पुतण्यानं ती कुस्ती मोबाइलवर टिपली होती. वस्तादांनी ती तीनदा बघायला लावली. एकदा सगळी, एकदा फक्त स्वतःचे पाय, आणि तिसऱ्यांदा फक्त स्वतःचं डोकं. तिसऱ्या वेळी पोरगी एकदम सरसावून बसली. "वस्ताद, डोकं खाली जातंय! मी जमिनीकडे बघतेय!"

"मग उद्या पहाटे ये. आता तुला काम सापडलं."

एवढंच बोलून ते गेले. ट्रंक त्याच रात्री उघडली.

त्यानंतर दिवाळीपासून होळीपर्यंत वस्तादांनी तिला एकच गोष्ट सांगितली. डोकं वर. तिचा डावा हातही ढिला पडतो, हे मला कट्ट्यावरून दिसत होतं. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "दिसतंय मला, ताई. पण एका येळंला एकच. दोन सांगितल्या तर दोन्ही निसटतात." मला हे फार पटलं. आपण पोरांना एका दमात सात गोष्टी सांगतो आणि मग 'एक ऐकेल तर शपथ' म्हणून कुरकुरतो.

सरावाची तऱ्हाही त्यांनी बदलली. रोज पुऱ्या जोरानं लढत घ्यायची नाही. पुऱ्या जोरात माणूस जुन्या सवयीवरच जातो, नवं काही करून पाहायला धजत नाही. म्हणून आधी अर्ध्या जोरात. पाय आधीच हातात धरून दिलेला, तिथून पुढे लढायचं. पाऊण मिनिटात थांबायचं, पुन्हा तिथूनच सुरू. डोकं वर राहायला लागलं तसा जोडीदारणीचा विरोध थोडा थोडा वाढवला. पुरी लढत आठवड्यातून दोनदाच.

आणि बोलायचे नियम! लढत संपल्याबरोबर कुणी तोंड उघडायचं नाही. धाप लागलेल्या माणसाला उपदेश ऐकू येत नाही. पाणी प्यायचं, श्वास जागेवर आणायचा. मग जी लढली तिनं आधी स्वतः सांगायचं, काय जमलं नि काय निसटलं. त्यानंतर जोडीदारणीनं एकच गोष्ट सांगायची. वस्ताद सगळ्यांत शेवटी.

हा जोडीदारणीचा नियम आमच्या लेकीला जड गेला. जोडीदारीण आठवीतली, वयानं लहान, तालमीतही नवी. पहिले काही दिवस ती बिचारी 'ताई, चांगलं झालं' एवढंच म्हणायची. वस्ताद म्हणाले, "चांगलं काय झालं, ते सांग. नुसतं चांगलं म्हणजे काहीच न्हाई." मग एका सकाळी ती चाचरत बोलली, "ताई, तू पट काढायच्या आधी माझ्या मनगटावरची तुझी पकड सैल होते. मला कळतं, आता तू येणार."

सगळे गप्प. हे वस्तादांना कट्ट्यावरून दिसलं नव्हतं, मोबाइललाही दिसलं नव्हतं. ते फक्त जिचं मनगट धरलेलं होतं तिलाच ठाऊक! लेकीचा चेहरा लाल झाला. धाकटीनं आपल्याला शिकवावं, हे कुणाला रुचतं? माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, "चल, पुन्हा एकदा घेऊ. सैल झाली की लगेच सांग."

त्या दिवशी ती खरी पैलवान झाली, असं मी मानते.

तेव्हापासून मला वाटतं, चूक तीन ठिकाणांहून दिसते. बाहेरून बघणाऱ्या जाणत्याला एक दिसते, अंगाला अंग भिडवणाऱ्याला दुसरी कळते, आणि मोबाइल सांगतो ती तिसरी, कारण त्याला ना माया ना राग. मीही एक काम उचललं. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहायला लागले, आज किती पट काढले, किती लागले, कुठे निसटले. पहिल्या आठवड्यात दहातले दोन लागले होते. होळीपर्यंत पाच-सहा लागायला लागले. ज्या दिवशी 'माझं काहीच सुधारत नाही' म्हणून पोरगी रडकुंडीला आली, त्या दिवशी वही पुढे केली. आकड्यांशी भांडता येत नाही.

वस्ताद खाशाबा जाधवांची गोष्ट फार सांगतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला मल्ल, तिथे कुस्ती गादीवरची, नियम निराळे. त्या वेळी रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लानं त्यांना शिकवलं. खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी, 1952 साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं एकट्या खेळाडूनं मिळवलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. वस्ताद म्हणतात, "सहाव्या नंबरावर रडत बसले असते, तर पदक कुठून आलं असतं?"

माझा भाचा पिंपरीला नोकरी करतो आणि संध्याकाळी मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकतो. त्यात ठोसे, लाथा, कुस्ती नि जमिनीवरची पकड असं सगळंच एकत्र. जून 2024 मध्ये मुझफ्फरनगरच्या पूजा तोमरनं या खेळातल्या यूएफसी या मोठ्या स्पर्धेत लढत जिंकली. तिथे जिंकणारी ती पहिली भारतीय बाई. भाचा दिवाळीला आला होता, तेव्हा मामाच्या गावची तालीम बघून म्हणाला, "मामी, आमच्याकडेही अगदी हेच. सरावात रोज कचकून मारलं तर माणूस फक्त घाबरायला शिकतो. हलकं मारायचं, आणि मागून सांगायचं, तुझा हात खाली आला होता म्हणून ठोसा लागला." डोक्याला मार बसणाऱ्या खेळात तर हे फारच जपायला हवं. जोडीदार टिकला तर सराव टिकणार.

आणखी एक. स्पर्धेच्या दिवशी नवं काही सांगायचं नाही. गादीभोवती आठ माणसं आठ गोष्टी ओरडतात आणि पोर गोंधळून जाते. मोठ्यांची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, मध्ये विश्रांती फक्त तीस सेकंद. रिओच्या पदकाच्या कुस्तीत साक्षी मलिक मध्यंतराला शून्य-पाच अशी मागे होती आणि शेवटी जिंकली. अशा तीस सेकंदांत एखादंच वाक्य आत जाऊ शकतं. ते वाक्य सरावात शंभरदा ऐकलेलं हवं. आमच्याकडे त्या दिवशी फक्त वस्ताद बोलतात. आम्ही घरची माणसं पाण्याची बाटली धरून उभी राहतो.

यंदा जिल्ह्याला ती पुन्हा उतरली. पहिली कुस्ती जिंकली, दुसरी थोडक्यात हरली. मी टॉवेल घेऊन पुढे झाले. काय बोलावं, सुचेना. तिनं पाणी प्यायलं, श्वास जागेवर आणला आणि स्वतःच म्हणाली, "आई, दोन पट लागले. डोकं वर होतं. तिसऱ्या वेळी दमले होते, म्हणून लांबूनच झेप घेतली. आधी जवळ जायला हवं होतं." डोळ्यांत पाणी होतं, नाही असं नाही. पण बोलणं स्वच्छ होतं. घरी येऊन पोशाख धुतला, वाळवला आणि तालमीच्या पिशवीत भरून ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठे कुस्ती आहे? नसू दे. पण गणितात अडलेला मुलगा आहे, शिवण शिकणारी मुलगी आहे, नवी आलेली सून आहे. तालमीतला रिवाज त्यांनाही लागू पडतो. चुकल्या चुकल्या बोलू नका, श्वास परत येऊ द्या. आधी त्यांनाच विचारा, काय झालं? मग एकच गोष्ट सांगा, आणि ती हाताची, पायाची, कामाची असू द्या, माणसाची नको. जे जमलं तेही नेमकं सांगा. 'शाब्बास' गोड लागतं, पण पुढच्या वेळी काय सांभाळायचं ते त्यातून कळत नाही. आणि लहानाकडून ऐकून घ्यायची सवय मोठ्यांनीही लावून घ्यावी. मनगट धरलेलं असतं त्यालाच काही गोष्टी कळतात.

सगळं सांगून झालं की आमचे वस्ताद एकच शब्द उच्चारतात, "पुन्हा." तो शिक्षेसारखा नसतो, बोलावण्यासारखा असतो. पोरी हसत उठतात आणि गादीवर जातात.