पन्नाशीतलं पोस्टिंग

'मिडलाइफ क्रायसिस' म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? केस काळेभोर करून घेतलेले, जिमची वर्षाची फी एकदम भरून आलेले आणि एक दिवस अचानक 'बुलेटवरून लडाख' जाहीर करणारे काका. बरोबर? मग काकूंचं काय? काकू त्या वेळी काकांच्या सॅकमध्ये मेतकूट आणि बीपीच्या गोळ्या भरत असतात. त्यांचा क्रायसिस कुणाच्या अजेंड्यावरच नसतो!

यात एक गंमत आहे. हा शब्द रूढ केला इलियट जॅक्स या कॅनडात जन्मलेल्या मनोविश्लेषकाने, १९६५ सालच्या एका लेखातून. त्यासाठी त्याने मोठमोठ्या कलावंतांची आयुष्यं तपासली होती आणि त्यातले बहुतेक सगळे पुरुषच होते. म्हणजे काकूंना पहिल्यापासूनच वेटिंग लिस्टवर टाकलेलं.

हे सगळं मी वाचायला लागले ते आईमुळे.

'जरा इंग्लिश बघ गं'

माझी आई एका राष्ट्रीयीकृत बँकेत १९९५ साली क्लार्क म्हणून लागली. डोंबिवली ते दादर, लेडीज डब्यात भाजी निवडत, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून तिने आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. टेन्शन तिला नवीन नव्हतं. पण २०२२ साली, ती एकोणपन्नासची असताना, काहीतरी वेगळंच सुरू झालं. रात्री तीनला टक्क जाग. डिसेंबरात पंखा पाचवर आणि बाबा डोक्यावरून रजई घेऊन कुडकुडतायत. काउंटरवर पंधरा वर्षं येणाऱ्या कस्टमरचं नाव आठवेना. एकच बेरीज तीनतीनदा. एकदा दूध उतू गेलं म्हणून ती ओट्यापाशी उभी राहून हुंदके देऊन रडली. दुधासाठी!

त्यातच आजी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. भावाचं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष. घरातला प्रत्येक जण आईकडे काहीतरी मागत होता, आणि आई कुणाकडेच काही मागत नव्हती.

एका रविवारी तिने माझ्या लॅपटॉपशेजारी एक कागद ठेवला. "जरा इंग्लिश बघ गं." तो स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. निवृत्तीला अकरा वर्षं बाकी असताना! "मला आता जमत नाही. बँकेत चूक झाली तर पैसे माझ्याच पगारातून जातील. त्यापेक्षा सन्मानाने घरी बसते," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. मला तो शांतपणाच जास्त भीतिदायक वाटला. मी म्हटलं, "इंग्लिश ठीक आहे, पण दोन महिने थांब. आधी डॉक्टर."

'या वयात असं व्हायचंच'

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत निकाल लावला. "या वयात असं व्हायचंच. योगा करा, मन रमवा." बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मन रमवायला मुळात मन जागेवर हवं ना!" दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र सगळं विचारलं. झोप, पाळी, मूड, घरातली माणसं. सोनोग्राफी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, डी जीवनसत्त्व असं सगळं तपासलं. हिमोग्लोबिन निघालं नऊच्या खाली! वर्षभर पाळीत प्रचंड रक्तस्राव होत होता आणि बाईसाहेब 'वयामुळे' म्हणून गप्प होत्या.

निदान होतं 'पेरीमेनोपॉज'. सलग बारा महिने पाळी आली नाही की त्याला मेनोपॉज म्हणतात. भारतात त्याचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ते साधारण ५१. पण त्याआधीची काही वर्षं खरी धमाल उडवतात. इस्ट्रोजेनची पातळी रोलर कोस्टरसारखी वरखाली होते. हे हार्मोन फक्त पाळीपुरतं नसतं. झोप, मूड, स्मरणशक्ती आणि शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेशीही त्याचा संबंध असतो. म्हणून अंगातून वाफा, रात्रीचा घाम, विसराळूपणा. आई वेडीबिडी होत नव्हती. तिचा थर्मोस्टॅट बिघडला होता आणि रक्तात लोह नव्हतं.

हार्मोन्सच्या गोळ्यांबद्दल आम्ही घाबरतच विचारलं. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर या उपचाराची जगभर धास्ती बसली होती. आता डॉक्टर सरसकट नाही म्हणत नाहीत. साठीच्या आतल्या, मेनोपॉजला दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला त्याचा फायदा धोक्यापेक्षा सहसा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्तात गुठळ्या होण्याची हिस्टरी असेल तर मात्र तो टाळतात. आईचं आधी लोह आणि झोप यांवर काम झालं. तीन महिन्यांत चेहऱ्यावर रंग आला. 'नीट झोपलेली आई' हा प्रकार आम्ही बऱ्याच दिवसांनी बघितला!

२८९ विरुद्ध ८८

पण गोळ्या अर्धंच काम करतात. उरलेलं अर्धं घरात असतं. सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात एक आकडा आहे. घरकाम करणाऱ्यांमध्ये बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. आणि ही ८८ मिनिटं घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहेत हं! हात न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत.

आमच्याकडे फ्रिजवर एक कागद लागला. आई दिवसभरात काय काय करते, ते तिने लिहायचं. दुसऱ्या दिवशी कागद पुरला नाही. बाबांनी चष्मा लावून ती यादी दोनदा वाचली. काही बोलले नाहीत, पण पेनाने सात कामांपुढे स्वतःचं नाव लिहिलं. आजीच्या सकाळच्या गोळ्या, डबे, गॅसचा नंबर लावणं, वगैरे. सुरुवातीला त्यांच्या आमटीत डाळ शोधावी लागायची. आईचे हात शिवशिवायचे. "राहू दे, मीच करते," हे वाक्य तोंडातून बाहेर न पडू देणं हे तिला लोहाच्या गोळ्यांपेक्षाही जड गेलं. दुपारपुरती आजीसाठी एक मावशी ठेवली. त्याचे पैसे मी आणि भावाने वाटून घेतले.

आणि मग प्रमोशनचं सर्क्युलर आलं.

बँकेत क्लार्कचा ऑफिसर झालात की बदली आलीच. त्यामुळे माझ्या आईसारख्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं प्रमोशन नाकारत राहतात. आईने दोनदा नाकारलं होतं. २००६ साली भाऊ चार वर्षांचा होता म्हणून, २०१३ साली माझी दहावी होती म्हणून. २०२३ साली तिने फॉर्म भरला. लेडीज डब्यात भाजीऐवजी गाइड उघडलं गेलं. लक्षात राहत नाही म्हणून कार्डांवर मुद्दे लिहून ती कार्डं पर्समध्ये. ग्रुपमधल्या मैत्रिणी ठाण्यापासून दादरपर्यंत तोंडी परीक्षा घ्यायच्या.

त्याच वर्षी 'बाईपण भारी देवा' आला. केदार शिंदेंचा तो सिनेमा बघायला बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून झुंडीने गेल्या. तिकीटबारी हादरल्यावर सगळ्यांना एकदम शोध लागला की चाळिशी-पन्नाशीतल्या बाईला स्वतःची गोष्ट बघायची असते! आईही ग्रुपबरोबर गेली. येताना म्हणाली, "सिनेमा छान आहे. पण माझा पेपर रविवारी आहे."

चिपळूणची खोली

ती पास झाली. २०२४च्या जूनमध्ये पोस्टिंग मिळालं चिपळूणला. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "आता या वयात कशाला?" "यांचं जेवणाचं काय?" त्या सगळ्यांना गप्प केलं आजीने. वॉकर टेकत बाहेर येऊन ती म्हणाली, "२००६ साली मीच नको म्हटलं होतं. आता जा. मला बघायला माझा मुलगा आहे की."

मी आईला सोडायला गेले. भाड्याची एक खोली, एक कढई, दोन ताटं, खिडकीतून कोकणातला पाऊस. आयुष्यात पहिल्यांदा ती एकटी राहणार होती. माहेरून सासरी आलेली बाई, मध्ये कुठला स्टॉपच नाही! पहिल्या आठवड्यात रोज रात्री तिचा फोन यायचा आणि ती नुसतीच "काय करताय?" विचारायची. महिन्याभरात फोन मीच करायला लागले आणि ती म्हणायची, "थांब गं, बचत गटाच्या बायका आल्यात."

एरिक एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने चाळिशी ते साठीच्या टप्प्याबद्दल म्हटलंय की, या वयात माणूस एक तर पुढच्यांसाठी काही उभं करतो, नाहीतर साचून जातो. आई त्या बायकांना कर्जाचे कागद समजावून सांगते, सही करताना घाई करू नका म्हणते. हे ती घरीही करायचीच. फक्त आता समोरच्या बायका तिला 'मॅडम' म्हणतात.

सगळं गुडी गुडी नाही. वाफा अजून येतात. एखादी रात्र कोरडी जाते. गेल्या पावसाळ्यात बाबांना ताप होता आणि ती चिपळूणला अडकून रडली. पण तो अर्ज? ड्रॉवरमध्येच आहे. ती म्हणते, "असू दे. इंग्लिश चांगलं आहे त्याचं."

आपण काय करायचं?

हे सगळं विशी-तिशीतल्या तुम्हाला का सांगतेय? कारण अशी एक बाई तुमच्या घरात आहे, आणि बहुधा एक तुमच्या फ्लोअरवरही.

• ऑफिसमधल्या सीनियर मॅडम एसी अठरावर करतात म्हणून हसू नका. जॅकेट घाला.

• आईची चिडचिड, थकवा, विसरभोळेपणा वाढला असेल तर तिला नुसता सल्ला देऊ नका. अपॉइंटमेंट घ्या आणि सोबत जा. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, किंवा मेनोपॉजनंतर पुन्हा झाला, तर अजिबात थांबू नका.

• मेनोपॉजनंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं वेगाने झिजतात. कॅल्शियम, ऊन आणि चालण्याबरोबर थोडा वजनांचा व्यायाम हवा. तुमच्या जिममध्ये तिलाही न्या!

• फ्रिजवर तो कागद लावा. मग त्यातल्या काही कामांपुढे स्वतःचं नाव लिहा.

• आणि तिला एकदा विचारा, "तू काय नाकारलं होतंस?" उत्तर यायला वेळ लागेल. गॅस बंद करा आणि समोर बसा.