ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता, तरीही...

काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये कॉलेजची एक मुलगी दवाखान्यात आली. आंघोळ करताना चक्कर येऊन पडली होती. डोकं दुखत होतं, मळमळत होतं. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८. उपाशीपोटी चक्कर आली असेल, असं समजून मी तिला घरी पाठवणारच होतो. तेवढ्यात आई म्हणाली, "डॉक्टर, परवा मलाही बाथरूममध्येच गरगरलं."

मग विचारलं. गिझर गॅसचा, तोही बाथरूमच्या आत. थंडीमुळे खिडकी बंद.

जळताना गॅसला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो. हा जवळपास हवेइतकाच, म्हणून खोलीभर मिसळतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाला ऑक्सिजन सैल चिकटतो, म्हणूनच तो पेशींना मिळतो. कार्बन मोनॉक्साइड तीच जागा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही.

तिला लगेच रुग्णालयात पाठवलं. मास्कने ऑक्सिजन दिल्यावर ती बरी झाली.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आंघोळ करताना डोकं जड झालं, तर लगेच बाहेर या. आणि डॉक्टरांना "घरी गॅस गिझर आहे" हे आपणहून सांगा. त्या दिवशी मी विचारायला विसरलोच होतो.