निरर्थकाचे उंच पाय

एखादा विचार हास्यास्पद ठरवायचा असला की आपल्याकडील इंग्रजी-शिक्षित अभ्यासक 'नॉन्सेन्स अपॉन स्टिल्ट्स' म्हणून मोकळा होतो. पायांना उंच काठ्या बांधून चालणारा निरर्थकपणा, असे हे चित्र. चर्चासत्रांतून मी ते अनेकदा ऐकले आहे. ते उच्चारले गेले की हशा पिकतो आणि प्रश्न तेथेच थांबतात, हे मला अस्वस्थ करते.

प्रयोग जेरेमी बेंथमचा. फ्रान्सच्या 1789च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याविषयी 1795च्या सुमारास लिहिताना त्याने नैसर्गिक हक्कांची कल्पना नुसतीच निरर्थक ठरवली. ते हक्क कधीही लोपत नाहीत, हा दावा मात्र काठ्यांवर चढवला. हक्क कायद्यातून जन्मतो, तो असावा असे वाटणे म्हणजे तो असणे नव्हे, हा त्यामागचा युक्तिवाद. बेंथमच्या लेखनात रूपक युक्तिवादाच्या सोबतीने येते. आपण ते युक्तिवादाच्या जागी योजतो.

आपल्या दर्शनपरंपरेतील शशशृंग आणि वंध्यापुत्र ही उदाहरणे येथे आठवतात. सशाला शिंग नसते, हा अनुभवाचा निर्णय. वंध्येला पुत्र नसतो, हा शब्दार्थाचाच निर्णय. असंभवाचे प्रकार त्यांतून वेगळे करता येतात. नैसर्गिक हक्क यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो? माझ्या मते कोणत्याच नाही. ते वस्तुस्थितीचे वर्णन नसून तिच्यापुढे ठेवलेली मागणी आहे.

जोतीराव फुल्यांनी टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' 1847च्या सुमारास वाचले. त्यांच्या निधनानंतर 1891 साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त सर्व स्त्री-पुरुष जन्मतःच समान हक्कांचे अधिकारी मानलेले आहेत. बेंथमच्या कसोटीवर हाही विचार काठ्यांवरचाच ठरेल. परंतु ज्याच्या पाठीशी रूढी नाही आणि कायदाही नाही, त्याने कशाच्या आधाराने बोलावे? हक्क कायद्याच्या आधी मानला, तरच अन्यायी कायद्याला अन्यायी म्हणता येते.

काठ्या केवळ खेळ करून दाखवण्यासाठी नसतात. फ्रान्समधीलच लांद प्रदेशातले मेंढपाळ दलदलीत कळप राखताना त्यांवरून चालत असत. तेव्हा एखादा विचार काठ्यांवर उभा आहे, एवढे सांगून समीक्षकाचे काम संपत नाही. त्याच्या पायांखाली जमीन कशी आहे, हेही त्याला पाहावे लागते.