मुका भोंगा

मोटारीचा भोंगा मुका झाला, की आपण त्याच्या घशालाच दोष देतो. आमचा ऐन श्रावणात गप्प झाला. पनवेलहून पुण्याला निघायचे, नि बोरघाटाच्या आंधळ्या वळणांवर समोरच्याला सावध कसे करणार? मिस्त्रीने फ्यूज पाहिला, शाबूत होता. बॅटरीपासून दोन तारा थेट भोंग्याला लावताच तो खणखणीत ओरडला! वीज परत जाते ती गाडीच्या सांगाड्यातून, आणि गंज चढला होता तिथल्या जोडाला. पॉलिशपेपरने घासून स्क्रू आवळला; झाले!

२०१५ साली महाराष्ट्र सरकारने ट्रकांच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ बंद केले, ते ठीकच. उगाच ओरडू नये. पण वळणावर आवाज हवाच. वर्गातले एखादे पोर बोलेनासे झाले, तर त्याचा जोड कुठे गंजला, ते मी आधी पाहतो.